बीसीजीची परीक्षा, चेंगलपट्टूच्या गावांत

सिरुसेरीच्या सिपकॉट आयटी पार्कमध्ये सकाळी कंपनीच्या बसमधून उतरणारी मुलं-मुली तामिळनाडूतली असोत की पुण्या-नागपुराहून आलेली, बहुतेकांच्या डाव्या दंडावर एक बारीक गोल व्रण असतो. जन्मल्यावर टोचलेल्या बीसीजीची ती खूण. क्षयावरची ही लस आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यावरून एकेकाळी केवढं रण माजलं होतं, याची आज फारशी कुणाला कल्पना नाही. ते रण मद्रासमध्ये माजलं, आणि त्यातल्या मुख्य प्रश्नाचा निवाडा सिरुसेरी ज्या जिल्ह्यात मोडत होतं त्याच जिल्ह्यात झाला.

तेव्हा महाबलिपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यालगत काचेच्या इमारती नव्हत्या. मद्रास शहराला वेढून बसलेला चेंगलपट्टू जिल्हा भातशेतीचा आणि तळ्यांचा मुलूख होता. इंग्रजी कागदपत्रांत त्याचं नाव ‘चिंगलपुट’. १९९७ मध्ये त्याचे कांचीपुरम आणि तिरुवळ्ळूर असे दोन तुकडे झाले. पुढे २०१९ मध्ये चेंगलपट्टू पुन्हा वेगळा जिल्हा झाला आणि सिरुसेरी त्यात आलं. जगभरच्या क्षयतज्ज्ञांना मात्र जुन्या अखंड जिल्ह्याचंच नाव ठाऊक आहे. १९६८ पासून पुढे या जिल्ह्यात २,८१,१६१ माणसांना टोचून बीसीजीची आजवरची सर्वांत मोठी चाचणी झाली.

लशीबद्दलची शंका या भागाला नवी नव्हती. देवीची साथ आली की तमिळ घरांत मारिअम्मन अंगात आली असं मानत आणि दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधत. मराठी घरांत हाच मान शीतळादेवीचा. जेन्नरची गोस्तनदेवीची लस भारतात पहिल्यांदा यशस्वीपणे टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी मुंबईत, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिथून ती दंडादंडावरून मद्रासपर्यंत पोचली. हे शब्दशः दंडादंडावरून. एका मुलाच्या फोडातला द्रव आठवड्याभराने काढायचा आणि तोच दुसऱ्याच्या दंडात घालायचा, अशी रीत होती. टोचणारा दुसऱ्यांदा आला की पोराचा पिकलेला फोड पुन्हा उकरणार, हे आयांना कळून चुकलं होतं. शिवाय त्या द्रवाबरोबर दुसऱ्या घरचा रोगही येईल, दुसऱ्या जातीचा स्पर्शही होईल, ही भीती. मुलं लपवली जात. रोगाबद्दलची धास्ती अगदीच निराधार नव्हती, कारण या पद्धतीत दुसरे आजार पसरल्याची उदाहरणं युरोपातही घडली होती.

लोकांची समजूत पटवण्यासाठी एक वेगळा मार्गही चोखाळला गेला. जानेवारी १८१९ मध्ये ‘मद्रास कुरिअर’मध्ये ‘कल्वी विरुम्बोन’ या टोपणनावाने एक पत्र छापून आलं. गाईच्या स्तनांवरच्या फोडांतल्या द्रवाने देवी टोचण्याची रीत प्राचीन संस्कृत वैद्यकग्रंथात सांगितली आहे, असा त्यात दावा होता. लस परकी नाही, आपलीच आहे, असा त्याचा अर्थ. हा दावा युरोपातल्या पुस्तकांत शतकभर फिरत राहिला. पुढच्या अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा असा मजकूर कोणत्याही ज्ञात संस्कृत ग्रंथात मिळाला नाही.

ज्याने खरोखर फरक पडला ते काम मद्रासच्या गिंडीत झालं. सॅनिटरी कमिशनर डब्ल्यू. जी. किंग यांनी वासरांच्या अंगावर लस तयार करून ती साठवण्याचा आणि गावोगाव पाठवण्याचा ध्यास घेतला होता. त्यांच्या नावाने गिंडीत उभ्या राहिलेल्या किंग इन्स्टिट्यूटचं मुख्य काम सुरुवातीला हेच होतं. वासराची लस आली, तशी एका पोराचा द्रव दुसऱ्याला टोचण्याची गरज संपली आणि आयांच्या तक्रारीतला सर्वांत खरा भागही तिच्याबरोबर गेला.

मराठी वाचकाला या टप्प्यावर १८९७ आठवल्याशिवाय राहणार नाही. त्या जानेवारीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताने लोकांच्या घरात घुसून जो संताप पेटवला, त्यातून २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. पुढे ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी हाफकिन यांची लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. दोष एका बाटलीत शिरलेल्या जंतूंचा होता, पण हाफकिन यांच्यावरचा कलंक पुसायला १९०७ उजाडलं. लशीबद्दल बोलताना ‘सरकार’ आणि ‘बाटली’ या दोन्हींची भीती भारतीय मनात तेव्हापासून घर करून आहे.

बीसीजी आली तेव्हा ही भीती तिची वाटच पाहत होती.

फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत आणि कामिय गेरँ यांनी गाईंच्या क्षयाचा जंतू १९०८ पासून तेरा वर्षं पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला होता. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला दिला गेला. मग १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक शहरात लशीत खऱ्या क्षयाचे जंतू मिसळले आणि सत्तरहून अधिक बाळं मेली. चौकशीत लस निर्दोष ठरली, प्रयोगशाळेचा गलथानपणा उघड झाला. तरीही ‘जिवंत जंतूंची लस’ या शब्दांना त्यानंतर एक काळी किनार लागली ती लागलीच.

भारतात १९४८ मध्ये सरकारने बीसीजी आणायचं ठरवलं. मदनपल्लीच्या सॅनेटोरियमच्या परिसरात सुरुवात झाली आणि गिंडीत किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात बीसीजी प्रयोगशाळा उभी राहिली. सरकारपुढे दुसरा मार्ग तरी कोणता होता? क्षयाने वर्षाला सुमारे पाच लाख माणसं मरतात असा तेव्हाचा अंदाज. सॅनेटोरियमच्या खाटा साऱ्या देशात अवघ्या काही हजार. स्ट्रेप्टोमायसिन महाग आणि दुर्मीळ. बीसीजी मात्र स्वस्त होती आणि थोडं शिकवलेला कर्मचारीही ती टोचू शकत होता. स्कँडिनेव्हियातल्या मदतसंस्था, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना पाठीशी उभ्या राहिल्या आणि मोहीम गावोगाव निघाली.

पहिला विरोध मद्रासचे निवृत्त सॅनिटरी इंजिनिअर ए. व्ही. रामन यांनी केला. नळ, गटारं आणि घरं यांत आयुष्य गेलेल्या माणसाला क्षयाचं मूळ अंधाऱ्या खोलीत आणि अर्धपोटी जेवणात दिसत होतं. ‘पीपल्स हेल्थ’ या नियतकालिकातून त्यांनी सतत लिहिलं की पैसा सुईवर घालवण्याऐवजी अन्न, पाणी आणि घरांवर घाला. आणि भारताच्या मुलांवर परदेशी संस्थांना प्रयोग करू देऊ नका.

१९५५ मध्ये त्यांना मोठा साथीदार मिळाला. चक्रवर्ती राजगोपालाचारी म्हणजे राजाजी, स्वतंत्र भारताचे एकमेव भारतीय गव्हर्नर जनरल. मद्रासचं मुख्यमंत्रिपद त्यांनी आदल्याच वर्षी सोडलं होतं. बीसीजीला आपला विरोध का, हे सांगणारी इंग्रजी पुस्तिका त्यांनी त्या साली छापली. हा माणूस अडाणी नव्हता, अंधश्रद्ध नव्हता आणि काँग्रेसच्या सरकारचा शत्रूही नव्हता. निष्णात वकिलासारखे त्यांनी मुद्दे मांडले होते. निरोगी मुलाच्या अंगात जिवंत जंतू घालायचा सरकारला काय अधिकार? जिथे शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, तिथे कोट्यवधी मुलांवर मोहीम कशासाठी? अमेरिका स्वतःच्या मुलांना सरसकट ही लस देत नाही, मग आपल्याला का?

आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी लशीची बाजू ठामपणे मांडली, सरकार मागे हटलं नाही आणि मोहीम चालू राहिली. पण राजाजींच्या दुसऱ्या प्रश्नाला भारतातल्या पुराव्याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. ब्रिटनमध्ये शाळा सोडणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे ५४,००० मुलांवर चाचणी सुरू होती आणि १९५६ च्या तिच्या पहिल्या अहवालात बीसीजीने पाचातले चार रुग्ण टाळले असं दिसलं. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या पोर्तो रिकोतल्या चाचणीत संरक्षण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरलं, तर जॉर्जिया आणि अलाबामात त्याहूनही कमी. लस तीच, नियत तीच, निकाल मात्र देशागणिक वेगळा. मग चेंगलपट्टूच्या शेतमजुरासाठी यातला कोणता आकडा खरा मानायचा?

दरम्यान रामन यांच्या मुद्द्याचीही परीक्षा मद्रासमध्येच लागली. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून शहरात क्षय रसायनोपचार केंद्र काढलं. वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख. झोपडपट्टीतल्या आणि गरीब वस्तीतल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, चांगल्या अन्नावर, पूर्ण विश्रांतीत. दुसरा आपल्याच घरी, त्याच दाटीत, त्याच तुटपुंज्या जेवणावर. औषधं दोघांना सारखी, आयसोनियाझिड आणि पॅस, वर्षभर. १९५९ मध्ये निकाल आला. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्यामुळे घरच्यांना अधिक लागण झाल्याचंही दिसलं नाही. जगभरची क्षयरुग्णालयं पुढच्या काही वर्षांत ओस पडू लागली, त्यामागे मद्रासचा हा अभ्यास होता. रोग जडल्यावर तो बरा करायला औषधच लागतं, हे सिद्ध झालं. पण रोग मुळात जडतो का आणि कुणाला, हा रामन यांचा खरा प्रश्न तसाच राहिला.

आणि राजाजींचा प्रश्न १९६८ मध्ये चेंगलपट्टूला पोचला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेच्या आरोग्य सेवेच्या मदतीने जिल्ह्यातला एक सलग पट्टा निवडला. त्यात २०९ गावं आणि काही छोटी शहरं होती. घरोघर जाऊन ३,६६,६२५ माणसांची नावं नोंदवली. पुढे जे झालं ते नीट पाहण्यासारखं आहे. क्षयाची लागण ओळखण्यासाठी हाताच्या कातडीत ट्युबर्क्युलिनचा थेंब टोचायचा आणि तीन दिवसांनी परत जाऊन आलेली गाठ मिलिमीटरमध्ये मोजायची. दहा वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक्स-रे घ्यायचा आणि संशय आला तर थुंकी तपासायला न्यायची. मग लस. बाटल्यांवर नाव नव्हतं, नुसता सांकेतिक क्रमांक होता. कुठल्या बाटलीत पॅरिसच्या वाणाची बीसीजी आहे, कुठल्या बाटलीत कोपनहेगनच्या, कुणात मात्रा पूर्ण, कुणात दहावा हिस्सा आणि कुणात लशीऐवजी नुसतं निरुपद्रवी द्रावण, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. महिन्याभराच्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना टोचलं. नंतर दर अडीच वर्षांनी पथकं त्याच घरांत पुन्हा जात राहिली, पंधरा वर्षं.

इतकं कष्टाचं काम उगीच केलेलं नव्हतं. लस लागू पडते की नाही हे ठरवायचं, तर कुणाला लस मिळाली हे ठाऊक असलेल्या माणसाच्या नजरेवर विसंबता येत नाही. चांगलं पाहायची इच्छा डोळ्याला फसवते. त्यासाठीच ही आंधळी बाटली.

साडेसात वर्षांचे आकडे जमल्यावर १९७९ मध्ये पहिला अहवाल जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. बीसीजी घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फुप्फुसाच्या क्षयाचं प्रमाण सारखंच होतं. पंधरा वर्षांचा पूर्ण हिशेब १९९९ मध्ये मांडला गेला. ज्यांना चाचणीच्या सुरुवातीला क्षयाची लागण नव्हती आणि ज्यांचा एक्स-रे स्वच्छ होता, अशा १,०९,८७३ जणांत पंधरा वर्षांत ५६० रुग्ण निघाले. मोठ्या माणसांना लशीने काहीच संरक्षण दिलं नव्हतं. मुलांत आकडा २७ टक्के आला, पण तो इतका डळमळीत होता की शून्याची शक्यताही त्यातून सुटत नव्हती.

सरकारने ज्या लशीवर वर्षानुवर्षं मोहीम चालवली, जिच्यासाठी राजाजींशी वाद घातला, तिच्याबद्दल सरकारच्याच संस्थेने हा निकाल काढला आणि छापला. भारतीय सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतका मोठा आणि इतका नकोसा निकाल क्वचितच उजेडात आला असेल. जगभर खळबळ उडाली. कुणी लशीच्या वाणावर शंका घेतली, कुणी मोजणीवर.

जे स्पष्टीकरण आज सर्वाधिक धरलं जातं, ते त्याच गावांच्या मातीत आणि पाण्यात आहे. क्षयाच्या जंतूचे अनेक निरुपद्रवी चुलत भाऊ उष्ण, दमट प्रदेशातल्या तळ्यांत, शेतांत आणि धुळीत राहतात. चेंगलपट्टूतल्या ट्युबर्क्युलिन चाचण्यांवरून दिसलं की मोठं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या शरीराची त्यांच्याशी ओळख झालेली असते. बीसीजीने जे शिकवायचं ते शरीर आधीच थोडंफार शिकलेलं असतं, त्यामुळे लशीचा वेगळा फायदा उरत नाही. ब्रिटनच्या थंड हवेत वाढलेल्या शाळकरी मुलांची गोष्ट वेगळी होती.

मग बीसीजी बंद का झाली नाही? कारण चेंगलपट्टूने विचारलेला प्रश्न मुख्यतः मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाचा होता. तान्ह्या मुलांना क्षयामुळे होणारा मेंदूज्वर आणि सर्व अंगभर पसरणारा क्षय यांच्यापासून बीसीजी चांगलं संरक्षण देते, हे इतर अभ्यासांतून पुढे आलं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने नवजात बाळांना लस देत राहण्याचा सल्ला दिला आणि भारताने तोच धरला. राजाजी १९७२ मध्ये गेले. निकाल पाहायला ते असते, तर त्यांच्या तीन प्रश्नांपैकी एकाला निम्मं समर्थन मिळालं असतं. जिवंत जंतूने मुलांचं सरसकट नुकसान होईल ही त्यांची भीती मात्र खरी ठरली नाही.

त्याच जिल्ह्यात पुढे मराठी संशोधकांनीही एक परीक्षा घेतली. कमल रणदिवे आणि त्यांचे सहकारी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात कुष्ठरुग्णांपासून मिळवलेल्या एका जंतूवर काम करत होते. ‘आयसीआरसी’ असं नाव मिळालेल्या या जंतूपासून माधव देव यांनी १९७९ मध्ये कुष्ठरोगाची लस तयार केली. १९९१ पासून चेंगलपट्टू भागात मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांवर चार लशींची तुलना झाली. १९९८ मध्ये निकाल आला. आयसीआरसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं, नुसत्या बीसीजीने ३४ टक्के. क्षयाला जी लस मोठ्यांत निरुपयोगी ठरली, तिने त्याच भूमीत कुष्ठरोगाला थोडं रोखलं होतं.

अलीकडच्या शंकांना मात्र अशा सावकाश परीक्षेची सवड मिळत नाही. एप्रिल २००८ मध्ये तिरुवळ्ळूर जिल्ह्यात गोवराची लस टोचल्यानंतर चार बाळं दगावली. राज्याने गावोगावची टोचणी थांबवून ती आरोग्य केंद्रात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणली. खबरदारी म्हणून ते समजण्यासारखं होतं, पण मजुरीवर जाणाऱ्या आईसाठी केंद्र लांब पडलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तामिळनाडूतलं पूर्ण लसीकरण २००५-०६ मध्ये सुमारे ८१ टक्के होतं, ते २०१५-१६ मध्ये ७० टक्क्यांवर आलं. पुढच्या पाहणीत ते ८९ टक्क्यांवर गेलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम तामिळनाडू, कर्नाटक आणि गोव्यासह पाच राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत एकाच वेळी सुरू झाली, तेव्हा तामिळनाडूत व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांनी शाळांपुढे पालकांच्या रांगा उभ्या केल्या. नको म्हणणाऱ्या चिठ्ठ्या आल्या आणि मोहिमेची मुदत वाढवावी लागली. एप्रिल २०२१ मध्ये लोकप्रिय नट विवेक यांनी लोकांना धीर यावा म्हणून चेन्नईतल्या सरकारी रुग्णालयात कोविडची लस जाहीरपणे घेतली. दुसऱ्याच दिवशी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि १७ एप्रिलला ते गेले. लशीचा या मृत्यूशी संबंध नाही, असा चौकशी समितीचा निष्कर्ष आला, पण तो ऑक्टोबरमध्ये. मधले सहा महिने शंकेला उत्तर नव्हतं.

रामन यांच्या अन्नाच्या मुद्द्याला उत्तर मिळायला सत्तर वर्षं लागली. झारखंडमध्ये २०१९ पासून २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतल्या १०,३४५ नातलगांवर एक अभ्यास झाला. मद्रासच्या जुन्या रसायनोपचार केंद्राची आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था त्यात सहभागी होती. निम्म्या घरांत दर प्रौढामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निकाल छापून आला. शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्के कमी निघाले. झालेला क्षय डाळभाताने बरा होत नाही, पण तो होऊ नये यासाठी डाळभात लागतो, हे आता आकड्यांनिशी सांगता येतं.

आणि बीसीजी पुन्हा एकदा मोठ्या माणसांच्या दंडाकडे वळली आहे. २०२४ पासून महाराष्ट्रासह अनेक राज्यांत, निवडक जिल्ह्यांमध्ये, साठीपुढच्या, मधुमेही, कमी वजनाच्या आणि क्षयरुग्णाच्या घरातल्या प्रौढांना ती स्वेच्छेने टोचली जाऊ लागली. पूर्वी एकदा बीसीजी घेतलेल्यांना दुसऱ्या मात्रेचा उपयोग होतो का, हे यातून पाहायचं आहे. दंड पुढे करणाऱ्या प्रत्येकाला चेंगलपट्टूच्या १९७९ च्या निकालाची माहिती आधी मिळायला हवी, आणि या वेळचा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी तो त्यांना त्यांच्या भाषेत, आकड्यांसकट कळवला गेला पाहिजे.